रिंगणाची भूमी

बंगळूरच्या जुन्या पेठेत चिकपेट आणि दोड्डपेट हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, तेथून या नगराची आखणी सुरू झाली असे परंपरा सांगते. इ. स. १५३७ च्या सुमारास पहिल्या केंपेगौडाने या चौकात शृंगारलेल्या बैलांच्या चार जोड्या उभ्या केल्या. त्या नांगर ओढीत चार दिशांना निघाल्या आणि नांगराने पाडलेली तासे हेच पुढे नगराचे मुख्य रस्ते झाले. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, हे नगर विजापूरच्या फौजेच्या हाती पडले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. चिकपेटेतील गौरी महाल हे त्यांचे निवासस्थान होते असे सांगतात. त्या काळी याच रस्त्यांवरून मराठी स्वारांची घोडी गेली असतील. आज चिकपेट ही रेशमी साड्यांची आणि कापडाची बाजारपेठ आहे, तिच्या पोटातून मेट्रो धावते आणि हातगाडी वळवायलाही जागा पुरत नाही. घोडा येथून केव्हाच नाहीसा झाला आहे, आणि उघडी मातीही जवळजवळ नाहीशी झाली आहे.

जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की, पेठेच्या गल्ल्यांमध्ये अजूनही काही ‘गरडी मने’, म्हणजे तालमी, टिकून आहेत. धर्मरायाच्या करग उत्सवात हाती तलवार घेऊन चालणारे वीरकुमार ज्या परंपरेत घडतात, तीच ही परंपरा. त्यांच्या हौद्यातील लाल माती रोज खणली जाते, चाळली जाते, शिंपली जाते आणि सारखी केली जाते. कोल्हापूरच्या तालमी ज्याने पाहिल्या असतील त्याला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधविलेल्या खासबाग मैदानाच्या मध्यभागी असलेल्या मातीचीही अशीच निगा राखावी लागते. माती ही आपोआप मऊ किंवा आपोआप सुरक्षित राहत नाही, ती तशी राखावी लागते, हे ज्ञान तालमीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. घोडेस्वारीच्या रिंगणालाही हेच लागू पडते. मात्र तेथे प्रश्न अधिक अवघड होतो, कारण त्या भूमीवर पडणारा भार माणसाचा नसून घोड्याचा असतो.

भूमीने दगा दिला तर काय होते, याचे उदाहरण शहाजीराजांच्याच चरित्रात आहे. जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीच्या मागे धावताना त्यांच्या घोड्याचा पाय वेलीत अडकला, घोडा कोसळला आणि त्या अपघातात राजांचा अंत झाला. हे गाव आज कर्नाटकाच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे आणि तेथे त्यांची समाधी आहे. आयुष्यभर घोड्यावर मांड ठोकून लढलेला हा पुरुष होता. त्याच्या कौशल्यात उणीव नव्हती. दुसरे उदाहरण रणांगणावरचे आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहरावर जोधपूर आणि म्हैसूर येथील भालाईत स्वारांनी जो प्रसिद्ध हल्ला केला, त्यात जोधपूरच्या स्वारांना किशोन नदीच्या काठची रुतणारी वाळू आडवी आली. घोडे पुढे जाईनात म्हणून त्यांना माऱ्याखालीच दिशा बदलून कार्मेल डोंगराच्या पायथ्याकडे वळावे लागले. शेतात, जंगलात वा रणांगणात भूमी निवडण्याचे स्वातंत्र्य स्वाराला नसते. रिंगण ही मात्र माणसाने स्वतः तयार केलेली भूमी आहे, आणि म्हणून तिच्या दोषांची जबाबदारीही माणसावरच येते.

रिंगण हा शब्द येथे हेतुपूर्वक वापरला आहे. मराठी वाचकाला रिंगण म्हटले की प्रथम आषाढीची वारी आठवते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर चालणारे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरकारांचे. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते. तुकाराम महाराजांच्या पालखीचे बेलवाडीला गोल रिंगण होते. अश्व धावून गेल्यावर त्याच्या टापेखालची माती कपाळी लावण्यासाठी वारकऱ्यांची झुंबड उडते. त्यांच्या दृष्टीने ती माती पवित्र असते. तिची जाडी किंवा ओलावा किती आहे हे कोणी पाहत नाही, आणि पाहण्याची गरजही नसते, कारण घोडा तेथे वर्षातून एकदाच धावतो. सर्कशीच्या रिंगणाची गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये फिलिप ॲस्टली याने अठराव्या शतकात रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरविला, कारण एवढ्या वर्तुळात धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभे राहणाऱ्या स्वाराला तोल सांभाळणे सोपे जाते. आपल्याकडे १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे हे मुळात घोडे शिकविणारेच होते. सर्कशीला दर मुक्कामी नवी जमीन मिळते आणि दर मुक्कामी ती नव्याने घडवावी लागते. अश्वारोहणाच्या शाळेतील रिंगण यांच्या मानाने स्थिर असते. पण त्यावर रोज, सकाळ-संध्याकाळ, अनेक घोडे धावतात.

बंगळूरला या विद्येची जुनी परंपरा आहे. लष्कराच्या एएससी केंद्रात घोडेस्वारीचे शिक्षण मिळते, शहराच्या ऐन मध्यभागी घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आहे, आणि शहराबाहेर उत्तरेला खाजगी अश्वारोहण शाळा उभ्या राहिल्या आहेत. २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत अश्वारोहणात वैयक्तिक रौप्यपदक मिळविणारा फवाद मिर्झा हा याच शहराचा. १९८२ च्या दिल्लीतील स्पर्धांनंतर भारताला या खेळात मिळालेले ते पहिलेच वैयक्तिक पदक होते. अशा स्वारांची नावे वर्तमानपत्रांत येतात; पहाटे रिंगणात दाताळे फिरविणाऱ्यांची येत नाहीत.

भूमी कशी असावी हे समजण्यासाठी प्रथम घोड्याच्या पायाचा विचार केला पाहिजे. घोडा एका बोटावर चालणारा प्राणी आहे; त्याचा खूर म्हणजे त्या एका बोटाचे नख. पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. तेथे हाडे आहेत, अस्थिबंध आहेत आणि वरच्या स्नायूंपासून खाली खुरापर्यंत आलेल्या लांब कंडरा आहेत. घोडा धावतो तेव्हा या कंडरा रबराच्या पट्ट्यांसारख्या ताणल्या जातात आणि पाय उचलताना ती शक्ती परत देतात. भरधाव धावताना त्या ताणाच्या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचलेल्या असतात. ४५० किलो वजनाच्या घोड्याच्या एका पायावर अशा वेळी त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, म्हणजे अकराशे किलोंहून अधिक भार क्षणभर येतो. उडी मारून उतरताना भार पेलणारा पुढचा पाय याच कसोटीला लागतो.

खूर जमिनीला टेकल्यापासून उचलेपर्यंतचा काळ सेकंदाच्या छोट्या अंशाचा असतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या घटना घडतात. प्रथम खूर जमिनीवर आपटतो आणि किंचित पुढे घसरतो. ही घसरण आवश्यक असते, कारण तीत आघाताची तीव्रता विरून जाते. जमीन चिकट असेल तर खूर जागच्या जागी थबकतो आणि धक्का हाडांत शिरतो. जमीन निसरडी असेल तर घसरण थांबतच नाही. त्यानंतर संपूर्ण भार पायावर येतो, खुराच्या वरचा सांधा जमिनीकडे झुकतो, आणि या वेळी भूमीने थोडे दबून भार झेलावा अशी अपेक्षा असते. शेवटी खुराचे टोक जमिनीत रोवून घोडा स्वतःला पुढे लोटतो. या वेळी तीच भूमी पायाखालून सरकू नये, तिने उलट आधार द्यावा लागतो. सारांश, एकाच जमिनीने क्षणात मऊ आणि क्षणात घट्ट व्हावे अशी ही मागणी आहे. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०१४ मध्ये या विषयावर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. त्यात याच गुणांची शास्त्रीय मांडणी आहे, आणि त्यांच्या जोडीला एका गुणावर विशेष भर आहे: भूमी सर्वत्र सारखी असावी. कठीण जमिनीवर घोडा जपून पाय टाकतो, भुसभुशीत जमिनीवर जोर लावतो. पण दहा पावले घट्ट आणि अकरावे पाऊल पोकळ, अशा जमिनीपुढे त्याचा इलाज चालत नाही.

येथे तालमीचा हौदा आणि घोड्याचे रिंगण यांच्यातील भेद स्पष्ट होतो. ऐंशी किलो वजनाचा मल्ल पाठीवर पडतो तेव्हा त्याचा भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो. घोड्याच्या खुराचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ११० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते. अकराशे किलोंचा भार एवढ्याशा जागेवर आला तर दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो पडतात. तालमीची बारीक लाल माती या दाबाखाली कोरडी असताना विटेसारखी घट्ट होते आणि पावसात शेवाळलेल्या फरशीइतकी निसरडी होते. बंगळूरच्या परिसरातील जमीन याच जातीची आहे. जुन्या ग्रॅनाइट व नाइस खडकांची झीज होऊन बनलेल्या या लाल मातीत लोहाचा अंश आणि चिकणमाती दोन्ही असतात. ती पायाला उत्तम, पण वरच्या थराला निरुपयोगी. म्हणून रिंगणात माती खाली राहते आणि वर वाळू येते.

चांगले रिंगण हे थराथरांनी बांधलेले असते. सर्वांत खाली मूळ जमीन सपाट करून दाबली जाते आणि तिला एका बाजूला किंवा मध्यापासून दोन्ही बाजूंना शेकडा एक ते दीड असा उतार दिला जातो. हा उतार डोळ्याला दिसत नाही, पाण्याला मात्र कळतो. कडेने चर खणून त्यात सच्छिद्र नळ आणि खडी घालतात. जमिनीवर पाणी झिरपू देणारे पण माती वर येऊ न देणारे जाड कापड अंथरतात, त्यावर पंधरा-वीस सेंटिमीटर खडीचा थर घालून तो रुळाने कडक दाबतात, आणि त्यावर सात ते दहा सेंटिमीटर वाळू पसरतात. ड्रेसाज या प्रकाराच्या रिंगणाचे प्रमाण माप २० मीटर गुणिले ६० मीटर, म्हणजे १,२०० चौरस मीटर असते. त्यावर आठ सेंटिमीटर वाळू घालायची म्हणजे सुमारे ९६ घनमीटर, वजनाने दीडशे टनांच्या आसपास, वाळू लागते. या सर्वांत न दिसणारा खडीचा थर सर्वांत महत्त्वाचा. वाळू बदलता येते. खालचा थर एकदा फुटला, त्यात खड्डे पडले, खडी वर आली, की सगळे रिंगण उपसून पुन्हा बांधण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही. पुष्कळ ठिकाणी पैसा नेमका या थरावर वाचविला जातो, आणि ती बचत फार महाग पडते.

वाळू कोणतीही चालत नाही. नदीची जुनी वाळू पाण्यात लोळून गोटीसारखी गुळगुळीत झालेली असते. तिचे कण एकमेकांवरून घरंगळतात आणि घोड्याला पाय रोवता येत नाही. शिवाय वाळूच्या उपशाने नद्यांची जी दशा झाली आहे, ती पाहता नदीच्या वाळूचा आग्रह धरणे योग्यही नाही. कर्नाटकात आता बांधकामासाठी दगड फोडून केलेली वाळू, जिला बाजारात एम-सँड म्हणतात, सर्रास वापरली जाते. तिचे कण कोनदार असल्यामुळे एकमेकांत अडकतात, हा तिचा गुण. पण ती धुतलेली नसेल तर दगडाची भुकटी तिच्यात भरपूर असते, आणि ही भुकटी पाण्याने सिमेंटसारखी बसते व उन्हाने धुरळ्यासारखी उडते. घेण्यापूर्वी साधी परीक्षा करावी. काचेच्या बरणीत मूठभर वाळू आणि पाणी घालून ती जोराने हलवावी व ठेवून द्यावी. वाळू लगेच तळाशी बसते, तिच्यावर गाळाचा थर हळूहळू जमतो, आणि चिकणमाती असेल तर पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत गढूळ राहते. गाळाचा थर जाड दिसला तर ती वाळू स्वस्त असली तरी परत पाठवावी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: खुरांखाली वाळू सतत दळली जाते. आज उत्तम असलेली वाळू काही वर्षांनी बारीक होते, तिच्यात लीद कुजून मिसळते, आणि मग तिच्यावर नवी वाळू ओतून फारसे काही साधत नाही.

वाळू आणि पाणी यांचा संबंध समजून घ्यायला कोकणातील कोणताही समुद्रकिनारा पुरेसा आहे. मुरूड-हर्णैच्या किंवा अलिबागच्या पुळणीवर वरच्या कोरड्या वाळूत चालताना पाय रुततात आणि पोटऱ्या दुखू लागतात. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यावर मात्र घोडागाडी सहज धावते आणि चाकांची जेमतेम रेघ उमटते. आणखी पुढे, जेथे लाट नुकतीच येऊन गेली आहे, तेथे उभे राहिले की पुन्हा पायाखालची वाळू सरकू लागते. वाळू तीच, बदलते ते पाणी. किंचित ओल्या वाळूत दोन कणांमध्ये पाण्याचा बारीक पूल तयार होतो आणि त्याचा ताण कणांना एकमेकांकडे ओढतो. वाळू कोरडी झाली की हे पूल तुटतात. पाण्याने गच्च भरली की कणांमधील हवाच नाहीशी होते, पूल उरत नाहीत आणि कण पाण्यावर तरंगू लागतात. रिंगणात साधायची असते ती या दोहोंमधली स्थिती. मुठीत दाबलेल्या वाळूचा लाडू झाला, बोटांतून पाणी निथळले नाही आणि अंगठ्याने दाबताच लाडू फुटला, तर ओल योग्य समजावी.

ही ओल टिकविणे सर्वांत खर्चाचे काम आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे, हवा आल्हाददायक असते. पण मार्च-एप्रिलमध्ये उघड्या जमिनीवरून रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. १,२०० चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १,२०० लिटर. पाच मिलिमीटरची भरपाई करायची तर एका रिंगणाला रोज ६,००० लिटर, म्हणजे एक लहान टँकर, पाणी लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरात पाण्याची इतकी टंचाई झाली की सरकारला टँकरचे दर ठरवून द्यावे लागले आणि पाणीपुरवठा मंडळाने गाड्या धुणे, बागांना घालणे अशा कामांसाठी पिण्याचे पाणी वापरणाऱ्यांना ५,००० रुपये दंड ठरविला. अशा शहरात वाळूवर पिण्याचे पाणी ओतणे समर्थनीय ठरत नाही. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरता येते. मात्र त्यातील क्षार आणि जंतू तपासून घ्यावे लागतात, कारण हे पाणी तुषार होऊन घोड्याच्या आणि स्वाराच्या श्वासात जाते. शिंपण संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे करावे, थोडे थोडे करून करावे, म्हणजे पाणी थराच्या तळापर्यंत मुरते. दुपारी उन्हात केलेल्या शिंपणाने वरचा एक सेंटिमीटर भिजतो आणि तासाभरात पुन्हा धूळ उडू लागते.

धूळ ही केवळ गैरसोय नव्हे. ग्रॅनाइटच्या भुकटीत सिलिका असते; तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि दगडखाणीतील मजुरांना होणारा सिलिकोसिस हा असाध्य विकार त्यातूनच होतो. स्वार रिंगणात तासभर असतो. दाताळे ओढणारा माणूस मात्र दिवसभर तेथेच असतो, आणि कोरड्या दिवशी धुळीच्या ढगात तोच उभा असतो. घोड्याची श्वसनसंस्था तर याबाबतीत फारच नाजूक आहे. म्हणून धूळ दाबण्याचे नाना उपाय योजले जातात. मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड हे क्षार हवेतील ओल शोषून घेतात. परंतु ते लोखंड गंजवितात, खूर कोरडे करतात आणि पहिल्या जोरदार पावसात वाहून जमिनीतील पाण्यात मिसळतात. तेल शिंपडण्याची रूढीही जुनी आहे. तालमीच्या मातीत तीळ वा मोहरीचे तेल, ताक, हळद घालतात ती खाण्याचीच द्रव्ये असतात. यंत्रांतून निघालेले टाकाऊ तेल ही अगदी वेगळी वस्तू आहे, आणि ते किती घातक ठरू शकते हे अमेरिकेतील मिसूरी राज्याने अनुभवले आहे.

मे १९७१ मध्ये तेथील एका तबेल्याच्या रिंगणात धूळ बसविण्यासाठी कंत्राटदाराकडून टाकाऊ तेल शिंपडून घेण्यात आले. काही दिवसांतच वळचणीतील चिमण्या मरून पडू लागल्या. मग मांजरे, कुत्री आणि घोडी. घोड्यांचे केस गळू लागले, ती खंगत गेली. तेथे खेळणाऱ्या एका लहान मुलीला गंभीर आजार होऊन रुग्णालयात न्यावे लागले. रिंगणाची वरची माती खरवडून काढली तरी घोडे मरतच राहिले. एकंदर साठाच्या आसपास घोडे दगावले. कारण शोधायला तीन वर्षे लागली. १९७४ मध्ये त्या मातीत डायॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष सापडले. कंत्राटदाराने टाकाऊ तेलात एका रासायनिक कारखान्यातील गाळ मिसळला होता. हेच तेल त्याने टाइम्स बीच या गावाच्या कच्च्या रस्त्यांवरही वर्षानुवर्षे शिंपडले होते. १९८२ च्या अखेरीस तेथील मातीची तपासणी झाली, त्याच सुमारास गावाला महापुराने वेढले, आणि १९८३ मध्ये सरकारने सुमारे दोन हजार वस्तीचे ते संपूर्ण गाव विकत घेऊन रिकामे करण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे विषारी माती खणून भट्टीत जाळण्यात आली; आज त्या जागी एक उद्यान आहे. या सर्व दुर्घटनेची पहिली खूण एका रिंगणातील मेलेल्या चिमण्या ही होती.

अलीकडे वाळूत कृत्रिम धाग्यांचे तुकडे मिसळण्याची पद्धत रूढ झाली आहे. गवताची मुळे जशी माती धरून ठेवतात तसे हे धागे वाळूला धरून ठेवतात आणि ओलही टिकवितात. चिकपेटेतील कापडाच्या चिंध्या पाहून एखाद्याला ही युक्ती फुकटात साधण्याचा मोह होईल; पण सुती चिंधी कुजते, लांब पट्टी खुरात अडकते, आणि कृत्रिम धागा झिजून मातीत कायमचा राहतो. वाळू बदलायची वेळ आली म्हणजे अशा मिश्रणाचे काय करावे हा प्रश्न श्रीमंत देशांनाही अजून नीट सुटलेला नाही.

रोजच्या निगेत नवलाचे असे काही नाही, आणि म्हणूनच तिची हेळसांड होते. लीद पडताच उचलावी; ती तुडवली गेली की दोन दिवसांत धूळ आणि चार पावसांत चिखल होते. घोडे एकाच वाटेने जातात, म्हणून कठड्यालगत खोल चाकोरी पडते आणि वाळू बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. ती फावड्याने रोज आत ओढावी लागते. मग कुळवासारखे दाते असलेले अवजार फिरवायचे आणि त्यामागे फळी, म्हणजे दात्यांनी मोकळी केलेली वाळू सारखी होते. शेतकऱ्याला हे काम शिकवावे लागत नाही. फक्त एक सवय सोडायला सांगावी लागते. शेतात कुळव जितका खोल जाईल तितका बरा, येथे दाते खडीच्या थराला कदापि लागता कामा नयेत. दाते नेहमी थराच्या जाडीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उथळ ठेवावेत, आणि दिशा रोज बदलावी. एकाच दिशेने फिरविले तर वाळू हळूहळू एका टोकाला जाऊन बसते. आठवड्यातून एकदा लोखंडी सळईने वीस-पंचवीस ठिकाणी खोली मोजून वहीत लिहून ठेवणारी शाळा क्वचितच आढळते. जेथे ही वही असते तेथे घोडे लंगडण्याच्या तक्रारी आल्या तर शोध कोठून सुरू करावा हे तरी कळते. अडथळ्यांच्या उड्या एकाच जागी ठेवू नयेत. उडीची आणि उतरण्याची जागा काही दिवसांत खणल्यासारखी होते, आणि वरून ती सपाट दिसली तरी खालचा थर तेथे पातळ झालेला असतो.

पावसाळ्याचे गणित निराळे आहे. बंगळुरात वर्षाला सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि नैर्ऋत्य व ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा तो असल्यामुळे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पसरलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वांत ओले महिने. ५ सप्टेंबर २०२२ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत शहरात सुमारे १३१ मिलिमीटर पाऊस झाला. एका रिंगणाच्या हिशेबाने ते दीड लाख लिटरांहून अधिक पाणी होते, म्हणजे उन्हाळ्यातील जवळजवळ सव्वीस दिवसांच्या शिंपणाइतके. हे पाणी चरांतून एखाद्या टाकीत किंवा तळ्यात साठविले असते तर पुढच्या मार्चमध्ये टँकर बोलवावा लागला नसता; पण बहुतेक ठिकाणी ते गटारात जाते, आणि जाताना वाळूही घेऊन जाते.

जोरदार पाऊस येणार असे दिसले की वाळू मोकळी न ठेवता फळी किंवा हलका रूळ फिरवून वरचा थर बंद करावा, म्हणजे पाणी उतारावरून निघून जाते. चरांची तोंडे साफ असल्याची खात्री त्याच वेळी करून घ्यावी. पाऊस थांबल्यावर रिंगणात कोठे पाणी साचून राहते ते लगेच जाऊन पाहावे आणि त्या जागी खुंटी ठोकून ठेवावी, कारण ऊन पडल्यावर तो खोलगट भाग डोळ्याला दिसत नाही. साचलेले पाणी दाताळ्याने पसरवू नये, घमेल्याने उपसावे. टाच जोराने दाबली असता वाळूखालचा थर हलतो असे वाटले, तर वरची वाळू कितीही चांगली दिसत असली तरी त्या दिवशी घोडा आत घालू नये.